आमच्या गावच्या किराणावाल्या काकूंना

सा. न. वि. वि.

काकू, हे दुकानावर येऊन बोलायला गेलो तर "काय पाहिजे ते सांग, मागं गिऱ्हाईक थांबलंय" म्हणून तुम्ही मला वाटेला लावाल. म्हणून लिहितोय, आणि चार लोकांनी वाचावं असं लिहितोय.

2020 चा गुढीपाडवा 25 मार्चला होता. त्याच दिवशी देश बंद झाला. देवीचा गोंधळ घालणाऱ्या आम्हा गोंधळ्यांची कमाई सुरू व्हायची ती पाडव्यानंतर. येरमाळ्याच्या येडाईची चैत्री पौर्णिमेची जत्रा, मग आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया, मग लग्नसराई. ते सगळं गेलं. इसार दिलेल्यांनी इसार परत मागितला. त्यांना तरी काय बोलणार, त्यांचीही पोरं पुण्याहून कामं सुटून घरी आली होती. पुढं पेपरात आलं की एप्रिल ते जून या तीन महिन्यांत देशाचं उत्पन्न 24 टक्क्यांच्या आसपास घसरलं. आमचं तर अख्खंच बसलं होतं.

रेशनवर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळत होतं, खोटं कशाला बोलू. पण नुसत्या तांदळाला फोडणी कशाची द्यायची? तेल, मीठ, चहापत्ती, साबण तुमच्याकडून येत होतं आणि वहीत आकडा वाढत होता.

जूनमध्ये मी फडक्यात बांधून संबळ घेऊन आलो. ठेवून घ्या म्हणालो. तुम्ही गाठ सोडली, कातड्यावर दोन बोटं मारली आणि म्हणालात, "सैल पडलंय की रे. शेकलं नाहीस का?" त्या दिवसांत मला कुणी एवढं लाजवलं नसेल. मग म्हणालात, "इथं पोत्यामागं ठेवलं तर घुशी कातडं ठेवतील का?" वही ओढली, गोंधळाचा काय भाव घेतोस ते विचारलं. पाच हजार, मी म्हणालो. तुम्ही आधीची उधारी खोडली आणि माझ्या नावापुढं लिहिलं : 2 गोंधळ येणे.

दहा हजारांचा माल लागेल तसा ने, गोंधळ नंतर घाल, असा तो हिशोब. नंतर म्हणजे कधी, हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं. जोगवा मागणं आमच्या रीतीतलंच, त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. पण तो देवीच्या नावानं मागायचा असतो. चहापत्तीसाठी हात पसरताना तोंडातून "उदो" निघत नाही, काकू. तुमच्या वहीत बाकीच्यांपुढं रुपये होते आणि माझ्यापुढं माझं काम होतं.

वर अट घातलीत, रोज दिवेलागणीला अर्धा तास वाजवायचं. आवाज दुकानापर्यंत आला पाहिजे, नाहीतर माल बंद. (तंबाखूची पुडी तर पहिल्या दिवसापासूनच बंद होती. तिचा राग अजून आहे.) विस्तवावर कातडं शेकायचं, दिवटी, म्हणजे गोंधळातली मशाल, न पेटवता वाजवायचं, कारण गोडेतेल रोज महागत होतं. त्याच अर्ध्या तासात धाकट्या पोरानं तुणतुणं धरलं. एरवी मी गावोगाव फिरत असतो, त्याला शिकवायला हाताशी कधी होतो?

तुमचंही तेव्हा बरं चाललं नव्हतं, हे मला नंतर कळलं. घाऊक व्यापारी रोखीशिवाय माल सोडत नव्हता आणि काका वहीवरून रोज चिडत होते. लग्नं नाहीत म्हणजे गोंधळाचा चौक मांडायचं सामान, खारीक, खोबरं, हळकुंड, सुपाऱ्या, तुमच्याकडंही पडूनच.

2021 च्या एप्रिलात तर नियम आला, लग्नाला 25 माणसं आणि दोन तास. त्यात आमचा ताफा कोण मोजणार, आणि दोन तासांत आम्ही देवांना आवतण तरी देऊन होतंय का! त्या वर्षी सरकारनं कलावंतांना एकरकमी 5,000 रुपये जाहीर केले, पण तोवरचे दिवस तुमच्या वहीवर निघाले.

एक गोंधळ 2022 मध्ये तुमच्या पुतणीच्या लग्नात फेडला. दुसरा राहिलाय. परवा पैसे घेऊन आलो तर म्हणालात, "लिहिलंय ते दे, नोटा नकोत." बरं. तुमच्या पोराचं ठरलं की तारीख आधी मला कळवा. धाकट्यालाही आणीन, आता तो संबळावर बसतो. दिवटीचं तेल तेवढं तुमच्याकडचं.

आपला,
संबळवाला