बटाट्याचं बेणं आणि आईचे वेफर्स

नाशिक,
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय दिन्या,

फोनवर नुसता हसलास, म्हणून कागदावर लिहितोय. दीड गुंठ्यात लावायच्या बटाट्याची जात ठरवायला कुणी महिना घालवतं का, असं तुझं म्हणणं. सातगाव पठारावर एकरांनी बटाटा करणाऱ्याला हसू येणारच. पण मखमलाबादची ती जागा आम्ही चौघांनी मिळून भाड्याने घेतलीय, आणि गेल्या वर्षी बाकी तिघांसमोर माझी पुरती शोभा झाली.

टोपलीत कोंब फुटलेले बाजारचे बटाटे मी सप्टेंबरअखेर पुरले होते. पाला असा माजला की शेजारचे शेतकरी बघायला आले. उकरलं तर खाली गोट्या! रात्रीचा पारा 20 अंशांच्या खाली आल्याशिवाय बटाटा पोसत नाही, हे मला तेव्हा कुठे ठाऊक? निफाडच्या थंडीच्या बातम्या दरवर्षी पेपरात वाचतो, आणि लागवड केली उकाड्यात.

यंदा नोव्हेंबर लागला की लावणार. आता जात. ती खरं तर आईने ठरवली. दर उन्हाळ्यात ती गच्चीवर कीस आणि वेफर्स वाळत घालते, आणि तळले की निम्मे लालभडक. वर्षानुवर्षं ती तेलाला बोल लावत आलीय. दोष तेलाचा नाही, शीतगृहाचा. 2 ते 4 अंशांवर ठेवलेल्या बटाट्यात पिठाची साखर होते आणि कढईत ती करपते. म्हणजे बटाटा थेट रानातून गच्चीवर गेला पाहिजे, आणि जातही मुळात कमी साखरेची हवी. म्हणून कुफरी चिप्सोना-1. कोरडा भाग 20 टक्क्यांच्या वर, म्हणजे किलोमागे कीसही जास्त पडणार. शंभर-एकशे दहा दिवस घेईल, पण फेब्रुवारीत निघेल. वाळवणाला अगदी वेळेवर.

बाजूला दोन सऱ्या पुखराज. तोही शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेचाच, दोन्ही जाती 1998 च्या, पण स्वभाव दोन जावांसारखे. पुखराज पंचाहत्तर दिवसांत पोतं भरेल, पण पाणचट, वेफर्सना कुचकामी. भोगीच्या भाजीत घरचा बटाटा पडावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. (1972 ची ‘कुफरी लवकर’ नावाची जातही आहे, आणि ते ‘लवकर’ आपलं मराठीच! नावासाठी तरी लावली असती, पण इथे बेणं कुणाकडेच नाही.)

तर काम असं. मंचरला पंजाबचं बेणं उतरलं की माझ्यासाठी चिप्सोना 17 किलो आणि पुखराज 8 किलो घे. तुझ्या पठारावरचे ताजे बटाटे प्रेमाने पाठवशील, तर ते खाण्यापुरतेच पाठव. दोन-अडीच महिने झोपून राहतील, कोंब काढायचे नाहीत. अंड्याएवढे निवड, म्हणजे कापायला नकोत. ओल्या रानात कापलेल्या फोडी कुजतात, आणि माझं रान काळं आहे.

गोणपाटातच बांध. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटतो. आणि पोत्यांवर खडूने नावं लिही. पुखराज वेफर्सच्या कढईत गेला, तर आई मला नाही, तुला फोन करेल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अन्या