भाकरीला औषध करू नका

मा. संपादक,
स. न.

आपल्या पुरवणीतला ज्वारीवरचा लेख वाचला. गहू सोडा, ज्वारी धरा, साखर आटोक्यात येईल, वजनही उतरेल, असा त्याचा सूर. मी सोलापुरात भाकऱ्या करून विकते, तेव्हा असे लेख माझ्या धंद्याला बरेच. तरी लिहिते आहे.

हल्ली गिऱ्हाईक डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्यासारखी भाकरी मागतं. एक काका शुगर आहे म्हणून रोज सहा कडक भाकऱ्या एकट्यासाठी नेतात. माझी मुलगी आहारशास्त्र शिकते. तिच्या पुस्तकात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा तक्ता आहे: शंभर ग्रॅम ज्वारीत ३४९ कॅलरी, तांदळात ३४५, गव्हाच्या पिठात ३४१. मग सहा भाकऱ्यांनी वजन उतरेल कसं? लोह हवं तर बाजरी सरस, कॅल्शियमला नाचणी. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नाही, हे मात्र खरं. ज्यांना गहू सोसत नाही त्यांना तिचा मोठा आधार. (ग्लुटेन नाही म्हणूनच ती पोळीसारखी लाटायला दाद देत नाही. उकळीच्या पाण्यात मळून थापावी लागते, आणि पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. पाकिटातलं पीठ आणून भाकरी चिरते म्हणणाऱ्यांनी आधी दळणाची तारीख बघावी.)

नुसत्या ज्वारीवर जगणं कसं असतं, तेही लेखात यायला हवं होतं. पूर्वी दख्खनच्या गरीब घरांत ताटात ज्वारीखेरीज फारसं काही नसे, आणि तिथे पेलाग्रा हा रोग आढळे: उन्हाला उघडी पडलेली कातडी काळवंडून सोलवटायची. १९६०च्या सुमारास पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी हैदराबादेत त्यावर संशोधन केलं. भाकरीला पिठलं, आमटी, पालेभाजी, ताक लागतंच. आमची शेंगाचटणीही उगाच आलेली नाही, शेंगदाण्यात नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व भरपूर असतं आणि पेलाग्रा होतो तो त्याच्याच अभावाने.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. औषध म्हणून ज्वारीचा भाव चढला की ती आधी कुणाच्या ताटातून जाते? माझ्याकडे भाकऱ्या थापायला येणाऱ्या बाया घरी रेशनच्या गव्हाच्या पोळ्या करतात. दिवसभर ज्वारीच्या पिठात हात, पण विकत घ्यायला परवडत नाही. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असं लिहिलेलं होतं. आता तर धान्य फुकटच मिळतं. आमच्या रेशन दुकानात मात्र बहुतेक महिने गहू-तांदूळच. कधीमधी ज्वारी आली तीही थापताना फाटणारी.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मंगळवेढा आमच्याच जिल्ह्यात. ती मालदांडी जातीची ज्वारी इथल्या रेशनवर का येत नाही, आणि आणायची तर शेतकऱ्याला परवडेल असा भाव कोण देणार, हे आपल्या बातमीदाराने एकदा सरकारदरबारी विचारून छापावं. पुरवणीत नको, पहिल्या पानावर.

आपली वाचक,
एक भाकरीवाली, सोलापूर