गावसकर आणि तेंडुलकरच्या मधे कोणी नव्हतंच का?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला मुंबईच्या बॅटिंग परंपरेवरचा लेख वाचला. लेख चांगलाय, मर्चंट आहेत, विजय मांजरेकर आहेत, वाडेकर आहेत, गावसकरांवर तर जवळजवळ अर्धं पान आहे आणि मग पुढच्याच परिच्छेदात एकदम सचिन बॅट घेऊन मैदानात येतो. मधल्या काळात मुंबईची पोरं काय गोट्या खेळत होती का? दिलीप वेंगसरकर हे नाव अख्ख्या लेखात एकदाच आलंय, ते पण 'लॉर्ड्सवर तीन शतकं' एवढ्यापुरतं.

११६ टेस्ट, ६८६८ रन, १७ शतकं. १९७६ च्या जानेवारीत ऑकलंडला ओपनर म्हणून सुरुवात केली आणि १९९२ ला पर्थला शेवटची टेस्ट खेळला, म्हणजे सोळा वर्षं झाली की राव. सात हजाराला १३२ कमी पडले, ते झाले असते तर कदाचित तुमच्या लेखकाच्या नजरेला पडला असता.

बरं, लॉर्ड्सचंच घ्या. तीन शतकं म्हणून आपण मोकळे होतो, पण ती कुठल्या परिस्थितीत आली ते कोणी सांगतच नाही. १९७९ ला इंग्लंडविरुद्ध पहिल्या इनिंगला आपण ९६ ऑलआउट, त्यात याचा स्वतःचा भोपळा, आणि दुसऱ्या इनिंगला विश्वनाथबरोबर २१० ची पार्टनरशिप करून १०३ काढले आणि मॅच वाचवली. १९८२ ला फॉलोऑन मिळाला होता, त्यात १५७ मारले, तरी हरलो. १९८६ ला १२६ नाबाद, शतक पूर्ण झालं तेव्हा समोर अकरा नंबरचा मणिंदर सिंग, आणि ती मॅच आपण जिंकलो, लॉर्ड्सवर भारताचा पहिला टेस्ट विजय. एक वाचवली, एक हरली, एक जिंकली, तिन्ही वेळा हा माणूस तिथेच उभा. परदेशातल्या कुठल्याच बॅट्समनने त्याच्याआधी लॉर्ड्सवर तीन टेस्ट शतकं केली नव्हती.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. लॉर्ड्सच्या नादात त्याच १९८६ च्या सिरीजमधली पुढची टेस्ट सगळे विसरले, लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावरची. मला विचाराल तर त्याच्या करिअरमधली सगळ्यात भारी मॅच तीच. तिथली ती पिच म्हणजे बॉल कधी उसळतोय कधी खाली बसतोय काही भरवसा नाही, ढग आले की स्विंग वेगळाच. इंग्लंड १०२ आणि १२८ ला ऑलआउट. आपल्याकडून गावसकर, श्रीकांत, शास्त्री, अझर, कपिल असे सगळे खेळले तरी अख्ख्या मॅचमध्ये दुसऱ्या कोणाला पन्नास पण करता आले नाहीत, आणि वेंगसरकरचे ६१ आणि १०२ नाबाद. म्हणजे इंग्लंडच्या अकरा जणांनी मिळून पहिल्या इनिंगला जेवढे काढले तेवढे याने एकट्याने दुसऱ्या इनिंगला काढले, वर आउट पण झाला नाही. २७९ रननी जिंकलो आणि सिरीज खिशात. त्या सिरीजमध्ये त्याचे ३६० रन, ॲव्हरेज ९०. आज कोणी असं केलं तर मोबाईलवर महिनाभर दुसरं काही दिसणार नाही.

दुसरी म्हणजे दिल्लीची कोटला टेस्ट, डिसेंबर १९७९, पाकिस्तान. पहिल्या इनिंगला सिकंदर बख्तने आठ विकेट काढून आपल्याला १२६ ला गुंडाळलं होतं, शेवटी टार्गेट ३९०. त्या काळात चौथ्या इनिंगला ३९० म्हणजे ड्रॉसाठीच खेळायचं असं धरून चालायचे. वेंगसरकर १४६ नाबाद, टीम ६ बाद ३६४, वेळ संपला. फक्त २६ कमी. मारायला हवं होतं का, घाबरले का, यावर आमच्या कट्ट्यावर आजही भांडणं होतात आणि ज्यांनी तो डाव बघितलाच नाही ते सगळ्यात जास्त भांडतात. एक बाजू शेवटपर्यंत धरून ठेवली म्हणून तर २६ पर्यंत पोचलो ना, नाहीतर टी टाइमलाच सामान बांधावं लागलं असतं.

आता त्याचं सगळंच गोड गोड होतं असं मी म्हणत नाही. परदेशातली चारच शतकं आणि ती चारही इंग्लंडमधली. वेस्ट इंडिजविरुद्ध सहा शतकं आहेत, पण सगळी आपल्याकडच्या पिचवर. ही गोष्ट लपवून त्याला मोठा करायची गरज नाही. पण आपल्याकडे खेळायला आलेल्या वेस्ट इंडिजकडे पण १९८३ ला मार्शल आणि होल्डिंग होतेच की, फास्ट बॉलर वेगात टाकायचं घरी ठेवून येत नसतात, आणि त्या सिरीजमध्ये याने दिल्लीला १५९ आणि इथे मुंबईत १०० केले. ८० च्या दशकाच्या शेवटी बॅट्समनचं जागतिक रेटिंग निघायला लागलं तेव्हा पहिल्या नंबरावर कोण होतं ते पण एकदा बघा.

मग विसरले का? मला वाटतं मोठ्या दिवशी नशिबाने दगा दिला. १९८३ च्या वर्ल्ड कपला टीममध्ये होता, लंडनच्या ओव्हलला वेस्ट इंडिजसमोर ३२ वर चांगला सेट झाला होता आणि मार्शलचा बॉल तोंडावर बसला, तिथून पुढे बाहेर. त्यामुळे फायनलच्या हायलाइट्समध्ये तो नाहीच, आणि आपली आठवण तर सगळी हायलाइट्सवर चालते. १९८७ ला आपल्या वानखेडेवर सेमी फायनल, आणि त्याच दिवशी पोट बिघडलं. इंग्लंडच्या गूचने स्वीप मारून मारून आपल्याला घरी पाठवलं आणि आपला हक्काचा बॅट्समन टीममध्येच नाही. १९८५ ला ऑस्ट्रेलियात वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ क्रिकेटच्या सेमी फायनलला न्यूझीलंडविरुद्ध कपिलबरोबर नाबाद ६३ करून मॅच काढली होती, पण त्या स्पर्धेचं नाव काढलं की लोकांना शास्त्रीला बक्षीस मिळालेली ऑडी गाडी आठवते.

आणि १९९१ ची रणजी फायनल, वानखेडे, समोर हरियाणा. मुंबईला जिंकायला ३५५ हवे होते. सचिनने ७५ बॉलमध्ये ९६ मारले, वेंगसरकर १३९ नाबाद, शेवटचा कुरुविला रनआउट आणि आपण दोन रननी हरलो. शंभराहून जास्त टेस्ट खेळलेला माणूस रणजीसाठी भर मैदानात रडला. मुंबई टीमची टोपी म्हणजे काय हे ज्याला सांगायचंय त्याने तो प्रसंग सांगावा. तुमच्या लेखात त्या मॅचचा उल्लेख आहे, पण फक्त सचिनच्या ९६ साठी.

ज्या सचिनकडे तुम्ही उडी मारलीत त्याला शाळकरी वयात वानखेडेच्या नेटमध्ये कपिलसमोर उभं केलं ते याच कॅप्टनने. नंतर सिलेक्शन कमिटीचा चेअरमन असताना २००८ ला विराट कोहलीला घेतलं, आणि आपल्या मुंबईच्या ओव्हल मैदानावर पोरांना शिकवणं वेगळंच. म्हणजे परंपरा म्हणता ती पुढे कोणीतरी हातात घेऊन दिली ना?

तर एवढंच करा, पुढच्या एखाद्या रविवारी हेडिंग्ले १९८६ चं स्कोअरकार्ड पूर्ण छापा, वर काही लिहू पण नका. जागा कमी पडत असेल तर गावसकरांच्या अर्ध्या पानातून घ्या. कलकत्त्याला वेस्ट इंडिजविरुद्ध ३४४ ची नाबाद पार्टनरशिप त्या दोघांनीच केली होती, त्यामुळे ते काही हरकत घेणार नाहीत.

आपला,
एक जुना वाचक, माटुंगा