आई, तुझा कोच मी फोडला

ती. आई-बाबांना,
नमस्कार.

बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि आईला फोनवर काही सांगायला घेतलं की ती मधेच वहिनीला "अगं कुकर बंद कर" म्हणून ओरडते, त्यामुळे हे सगळं टाइप करून पाठवतेय. दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे म्हणून.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. आई, माळ्यावरचा तुझा माहेरचा कोच मी फोडला. म्हणजे लाकूड शाबूत आहे, पॉलिशला धक्का नाही, फक्त आतल्या स्प्रिंगा काढल्या आणि बाबांच्या जुन्या गाडीच्या, म्हणजे डुक्कर फियाटच्या, सीटमध्ये घातल्या. चिडायचं असेल तर चिड, पण पुढचं वाचून झाल्यावर.

इंजिन झालं हे दिवाळीत सांगितलंच होतं. खरं सांगते, इंजिन सोपं गेलं. नंतरच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं पण १०८९ सीसीचंच, त्यामुळे मिस्त्री कुठनं कुठनं सामान आणून काहीतरी जुळवतोच. मला वाटायचं सीट म्हणजे काय, रेक्झिन टाकलं की झालं. तिथंच आठ महिने गेले बघा.

२०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, आणि आपल्या गावभागातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी टपापर्यंत पाण्यात होती. बाबा, तुम्ही अजून म्हणता की २००५ ला जशी वेळेत विश्रामबागला नेऊन लावली तशी न्यायला पाहिजे होती. तेव्हा तुमचं वय काय आणि आता काय, सोडा तो विषय. बाहेरनं गाडी धुतली, गाळ काढला, पण सीट कुणी उघडूनच बघितली नव्हती. मी ब्लेडनं शिवण उसवली तर आतनं आधी गाळाचा भुगा पडला, मग काथ्या, आणि त्याच्या खाली गोणपाट. त्या गोणपाटाचा एक कोपरा कसा काय कोरडा राहिला होता कुणास ठाऊक, तेवढाच अजून पिवळा होता. हळदीचं पोतं! कुठल्या तरी पेढीच्या छापाची अर्धी अक्षरं पण होती, "...ळद" एवढं वाचता येतं. म्हणजे आतलं काम फियाट कंपनीचं नाहीच, ते आपल्या सांगलीतच कुणीतरी नव्यानं भरलंय आणि हाताला लागलं ते पोतं वापरलंय. बाबा, हे तुमच्या वेळचं की आजोबांच्या? आठवलं तर कळवा.

त्या खाली स्प्रिंगा. ७ च्या ५ ओळी, एकूण ३५, सगळ्या डमरूसारख्या, म्हणजे वर-खाली रुंद आणि मधे कमरेत बारीक. त्यातल्या १३ गेलेल्या. कुठल्या गेल्या होत्या ते बघून मला हसू आलं. बाबांच्या बाजूला दारालगतची ओळ पार झोपलेली, कारण आपल्या गाडीचं पुढचं दार उलटं उघडतं आणि बाबा आधी धपकन बसतात मग पाय आत घेतात, सगळं वजन रोज त्याच कडेवर. आणि आईच्या बाजूला मागच्या सगळ्या ठणठणीत, फक्त पुढची ओळ दबलेली. आई तू त्या गाडीत कधी टेकून बसलीच नाहीस, हँडल धरून सीटच्या टोकावर, जसं काय पुढच्या चौकात उतरायचंय.

दोन स्प्रिंगांना जुनं वेल्डिंग होतं आणि दोन्ही वेल्डिंगच्या अगदी शेजारी तुटलेल्या. मिरजेचे कुशनवाले मिस्त्री (वय सत्तरच्या पुढं, चष्मा दोरीनं बांधलेला) म्हणाले, पोरी, स्प्रिंगच्या तारेला वेल्डिंग करायचं नसतं, आच लागली की तारेचं पाणी उतरतं, मग ती साधी तार होऊन बसते. पाणी दिलेलं पोलाद आपल्या कोयत्याचं ऐकलं होतं, सीटच्या स्प्रिंगला पण तेच हे डोक्यात आलं नव्हतं.

मग शोध सुरू झाला. सगळ्यात आधी सगळ्यांनी एकच सल्ला दिला, फोम टाका मॅडम, दोन तासांचं काम. तुमचे जावई पण त्याच पार्टीत. मी नाही म्हणलं. एक तर आपण राहतो नदीकाठी, पाणी पुन्हा येणार नाही असं कोण लिहून देतंय, फोम एकदा भिजला की आठवडाभर निथळत बसतो आणि वास मारतो, स्प्रिंगा धुऊन पुसून रंगवता तरी येतात. आणि दुसरं म्हणजे खड्ड्यातनं गेल्यावर ती सीट जो कुईंऽऽ आवाज करून दोनदा वर-खाली व्हायची ना, तो फोममधनं कुठनं आणायचा. हे दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नाही.

पुण्याला ट्रेनिंगला गेले होते तेव्हा रविवारी जुन्या बाजारात अख्खी दुपार फिरले. पद्मिनीच्या दोन सीटा मिळाल्या, पण त्यात आपल्यासारख्या डमरू स्प्रिंगा नव्हत्याच. एकानं सोफ्याच्या स्प्रिंगा दाखवल्या, उंची ४ इंच, आपली ६. दुसऱ्यानं गादीच्या दाखवल्या, तार इतकी पातळ की मी हातानं वाकवली. उन्हानं डोकं उठलं आणि मोबाइलचं कव्हर तेवढं घेऊन परत आले.

मग ठरवलं नव्या करून घेऊ. कोल्हापूरला उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये गेले, नाव कशाला लिहू. तो म्हणाला तेरा नाही करणार, कमीत कमी चाळीस. बरं म्हणलं चाळीस. नमुना दिला, उंची सांगितली, वरच्या रिंगची रुंदी सांगितली, वेढे मोजून दिले, तार दहा नंबर असं कागदावर लिहून दिलं. पंधरा दिवसांनी आणल्या, बांधल्या, बसले, तर अक्षरशः बाकावर बसल्यासारखं! हलेच ना. तुमचे जावई बसले, ते ८५ किलोचे, तरी सीट जेमतेम बोटभर दबली. वर्कशॉपवाल्याला फोन केला तर तो खुशीत, ताई तुम्हाला मजबूत व्हावी म्हणून आठ नंबरची तार घातली, पैसे तेवढेच!

शेजारचा पोरगा वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला मेकॅनिकलला आहे, त्याला दाखवलं. (बाबा, तुम्ही नेहमी सांगता की फियाट बनवणारी प्रीमियर कंपनी वालचंद हिराचंद यांनीच काढलेली, ते त्या पोराला माहीतच नव्हतं, मी सांगितलं.) त्यानं जाडी मोजायचा व्हर्नियर लावला आणि वहीच्या मागच्या पानावर हिशोब करून दिला. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आठ नंबर म्हणजे चारच्या थोडी वर. बघायला गेलं तर पाऊण मिलीमीटरचा फरक, नखाएवढा पण नाही. पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो म्हणे, म्हणजे बाकी सगळं सारखं ठेवलं तरी आठ नंबरची जवळजवळ अडीचपट कडक. आणि उलटं पण तेच. आपल्या जुन्या स्प्रिंगांमधली एक गंजून २.८ वर आली होती, ती दिसायला धडधाकट पण ताकद राहिलेली ५५ टक्के. मी तर ती चांगल्यात धरली होती. मग सगळ्या ३५ परत मोजल्या आणि गेलेल्यांचा आकडा तेराचा सोळा झाला.

त्याच आठवड्यात एकानं सांगितलं जुन्याच झिंक प्लेटिंग करून घ्या, गंजणार नाहीत. तो पोरगाच म्हणाला नको, ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत असल्या कडक तारेत हायड्रोजन शिरतो आणि ती ठिसूळ होते, नंतर लगेच भट्टीत तापवून ठेवावी लागते आणि ते इथं नीट कोण करणार. म्हणून ब्रशनं घासून रेड ऑक्साइड आणि वर काळा रंग, बास.

आता कोच. बाबा, तुम्ही म्हणाला होता जुन्या रेक्झिनचा तुकडा माळ्यावर ठेवलाय, रंग जुळवायला तो शोधायला वर चढले. तुकडा मिळाला नाही, उंदरांना मिळाला असणार. दमले आणि खाली बसले तर ते बसणं आईच्या कोचावर, चादर टाकलेली होती म्हणून लक्षात पण नव्हतं. आणि बसल्या बसल्या आवाज आला. कुईंऽऽ.

मी पाच मिनिटं तिथंच वर-खाली करत बसले. खालनं पोरगी ओरडतीय, आई काय करतीयस वर. मग उलटा केला, खालचं कापड दोन खिळ्यांपुरतं सोडवलं, व्हर्नियर घातला. सव्वातीन. डमरू. गंजाचा ठिपका नाही, कारण ५७ फुटांचं पाणी पण माळ्यापर्यंत आलं नव्हतं. फक्त उंची अर्धा इंच जास्त, तर मिस्त्री म्हणाले त्याचं काय एवढं, सुतळीनं बांधताना खाली ओढून घ्यायची.

त्या रात्री मी तुला फोन लावला होता आई, आठवतंय का, आणि इकडचं तिकडचं बोलून ठेवला. कराडच्या सुताराकडनं अण्णांनी तो कसा करून घेतला आणि ट्रकमधनं येताना पावसात भिजू नये म्हणून तू स्वतःची लग्नातली शाल टाकलीस हे मी शंभरदा ऐकलंय, त्यामुळे तोंडातनं शब्दच फुटेना. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना बोलावलं. चुकलंच. विचारायला पाहिजे होतं. पण तू नाहीच म्हणाली असतीस आणि मग मी काय केलं असतं.

कोचातल्या २७ मधल्या १८ काढल्या, गाडीत सोळा लावल्या आणि दोन जादा ठेवल्यात. बांधायचं काम मी शेजारी बसून बघितलं. प्रत्येक स्प्रिंगच्या वरच्या रिंगला आठ बाजूंनी सुतळी, आधी पुढनं मागं, मग आडवी, मग दोन्ही तिरक्या, आणि प्रत्येक ठिकाणी गाठ. मिस्त्री गाठ मारताना स्प्रिंग गुडघ्यानं दाबून धरतात, दोरी दातात, आणि तोंडानं बोलणं चालूच. म्हणतात एकटी स्प्रिंग कधी टिकत नाही, बाजूला कलंडते, शेजारणींना बांधली की सरळ राहते. पूर्वीची सुतळी पुरात कुजली म्हणूनच त्या कलंडून एकमेकींना घासत होत्या.

त्या आठ नंबरच्या चाळीस जिन्याखाली पोत्यात पडल्यात, येता-जाता पायाला लागतात. मिस्त्रींनीच सुचवलं की त्या कोचात घाला. आई, तुझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय ना खोल बसायचं नाही, उंच आणि कडक पाहिजे, तर या स्प्रिंगांवर तू अजिबात खाली जाणार नाहीस, हात टेकून सरळ उठता येईल. मी अजून काही केलेलं नाही, या वेळी खरंच विचारतेय. तू नको म्हणालीस तर काढलेल्या अठराच्या जागी दुसऱ्या शोधेन, पण माळ्यावरनं तो खाली हॉलमध्ये आणायचा का तेवढं तरी सांग.

अजून एक, बाबांसाठी. गाडीची कागदं लावताना आजोबांची १९५७ ची पावती मिळाली, त्यावर पत्त्यात "जि. दक्षिण सातारा" आहे. १९६० ला नाव बदलून सांगली झालं ना. म्हणजे गाडी मूळची साताऱ्याचीच, दादाला सांगा, फार सांगलीला नावं ठेवत असतो. व्हिंटेज रजिस्ट्रेशनचं मी चौकशी करून सोडून दिलं, वीस हजार फी आणि वर गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली असलं. आपल्याला हरिपूरला संगमावर जायचंय, प्रदर्शनात नाही.

रेक्झिन अजून ठोकलेलं नाही. मिस्त्री म्हणाले एकदा मालकांना बसवा, सुतळीची उंची आत्ता सोडून परत बांधता येते, एकदा वरनं शिवलं की सगळं उसवायला लागतं. तर येत्या शनिवारी दादाला सकाळी लवकर निघायला सांगा, मिस्त्री अकराला येणार आहेत. बाबा, तुमच्या नेहमीच्या पद्धतीनं बसा, धपकन, उगाच जपून नको. आणि आई, तू टेकून बसायचंस, हँडल न धरता, नाहीतर उंची चुकीची बांधली जाईल. हँडल तसंही सध्या काढून ठेवलंय.

येताना कंदी पेढे आणा, मिस्त्रींना गोड लागतं.

तुमची,
धाकटी