तुटीच्या वर्षात कलेला कात्री लावायची, तर नेमकी कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहराच्या अंदाजपत्रकात तूट आली की कलेवरच्या खर्चाचा विषय निघतो आणि लगेच दोन तट पडतात. नळाला पाणी नाही तिथे नाटकं कसली, असं एक तट म्हणतो. कलेविना शहर म्हणजे नुसती वस्ती, असं दुसरा. खर्चाचा तक्ता उघडून बघायची तसदी मात्र दोघेही घेत नाहीत.

त्या तक्त्यात ‘कला व संस्कृती’ या एकाच शीर्षाखाली तीन वेगळे खर्च कोंबलेले असतात. शहराच्या मालकीच्या वास्तू आणि संग्रह, म्हणजे नाट्यगृह, कलादालन, संग्रहालय, हा पहिला. संस्थांना मिळणारं अनुदान हा दुसरा. आणि महोत्सव, पुरस्कार, रोषणाई, नव्या सभागृहांची भूमिपूजनं हा तिसरा. माझ्या मते तुटीच्या वर्षीही पहिला खर्च करातून पुरा करावा, दुसरा कमी करायचा तर आधी सांगून करावा आणि तिसरा खुशाल शून्यावर आणावा. घडतं बहुधा उलटं. महोत्सवाच्या फलकावर फोटो छापता येतो, गळक्या छताच्या दुरुस्तीवर येत नाही.

सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय म्हणजे ‘सरसकट २० टक्के कपात’. समजा एका नाट्यगृहाचा वर्षाचा खर्च १०० आहे. त्यातले ६० पगार आणि निवृत्तिवेतनाचे, १८ वीज, विमा, सुरक्षेचे. दुरुस्ती आणि कार्यक्रमांना उरले २२. आता २० कापा. पगार कमी होत नाहीत, विमा थांबत नाही. म्हणजे ते २० या २२ मधूनच जाणार. कागदावर पाचवा हिस्सा गेला, प्रत्यक्षात माणसं जागेवर राहिली आणि काम संपलं. हीच कपात वर्षाच्या मध्यावर आली तर २२ मधले निम्मे आधीच खर्च झालेले असतात. उरलेल्या ११ मधून २० कसे काढणार? मग बिलं थकवली जातात आणि पुढच्या निविदेत कंत्राटदार त्या उशिराची किंमत दरात धरतो.

मग वर्षभर कुलूपच लावावं, असंही सुचवलं जातं. बंद नाट्यगृह फुकट सांभाळलं जात नाही. मंजूर वीजभारावरचा स्थिर आकार, पहारा, विमा चालूच राहतात. वातानुकूलन बंद पडून आतली आर्द्रता ७० टक्क्यांवर रेंगाळली की खुर्च्यांच्या कापडाला आणि भिंतींवरच्या ध्वनिशोषक पॅनेलना बुरशी धरते. उंदीर वायरी कुरतडतात. पडदे आणि दिवे वर-खाली करणाऱ्या तारदोरांना, कप्प्यांना गंज चढतो, आणि हे सगळं नटांच्या डोक्यावर टांगलेलं असतं! अग्निशमनाचा पंप नियमित चालवून बघितला नाही तर तो ऐनवेळी दगा देतो. पुन्हा उघडताना ही सगळी तपासणी आणि दुरुस्ती एकदम करावी लागते, आणि वर्षभर वाचवलेल्यातलं बरंचसं तिथेच जातं. त्यापेक्षा प्रयोग आठवड्यातल्या सलग तीन-चार दिवसांत बसवावेत. तापलेलं सभागृह पुन्हा थंड करायला खूप वीज जाते. सलग तारखांमुळे ती वाचते. उरलेले दिवस यंत्रणा फक्त आर्द्रता आटोक्यात ठेवण्यापुरती चालवावी.

संग्रहालयात तर रात्री वातानुकूलन बंद करण्याची बचत अंगाशी येते. चित्रं, लाकूड, हस्तलिखितं यांना आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्के लागते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती झपाट्याने वर-खाली होऊन चालत नाही. दिवसा कोरडं, रात्री दमट असं चाललं की लाकूड आकसतं, फुगतं. त्यावरचा रंगाचा थर तितका ताणला जात नाही, तडकतो आणि खपल्या सुटतात. बचतच करायची तर तापमान दोन अंश वर ठेवा, पण चोवीस तास स्थिर ठेवा. काही दालनं बंद ठेवा, भांडारगृहाची यंत्रणा बंद करू नका.

संग्रह विकून तूट भरण्याचा विचार अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये खरोखरच पुढे आला होता. २०१३ मध्ये सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांखाली ते शहर दिवाळखोरीत गेलं. तिथल्या कलासंग्रहालयातल्या, शहराच्या पैशातून घेतलेल्या कलाकृतींची किंमत ४५.४ ते ८६.७ कोटी डॉलर ठरवली गेली. म्हणजे त्या सगळ्या विकूनही देण्यांचा विसावा हिस्सा फिटला नसता. शेवटी धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालयाच्या देणगीदारांनी मिळून ८० कोटी डॉलरहून अधिक रक्कम शहराच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी उभी केली आणि संग्रह शहराच्या मालकीतून स्वतंत्र न्यासाकडे गेला.

कलाप्रेमींच्या बाजूचा एक युक्तिवादही सोडून द्यायला हवा. ‘कलेवरचा खर्च शहराला कित्येक पटींनी परत मिळतो’ असे अहवाल वारंवार निघतात. नाटकाला आलेला स्थानिक माणूस त्या संध्याकाळी एरवीही शहरातच कुठेतरी पैसे खर्चणार होता. बाहेरगावाहून मुद्दाम आलेल्याचा खर्च तेवढा शहराची खरी भर. तो वेगळा न मोजलेला आकडा महापालिकेच्या सभागृहात मांडला की हिशेब कळणारा पहिला सदस्यच तो पाडतो.

‘तिकिटातून भागवा’ यावरचं उत्तर जास्त भक्कम आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्येच ते मांडलं. कारखान्यात यंत्राने दर माणशी उत्पादन वाढतं, चार वादकांची मैफल मात्र दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसं आणि जेवढा वेळ घ्यायची तेवढाच आजही घेते. पगार मात्र बाकीच्या समाजाबरोबर वाढत राहतात. तिकीट त्या वेगाने वाढवलं की मागच्या रांगा रिकाम्या पडतात, आणि प्रयोगाचा खर्च तर ३०० प्रेक्षकांना तोच आणि ९०० प्रेक्षकांनाही जवळपास तोच.

मग कलेसाठी राखीव कर लावावा का? अमेरिकेतल्याच डेन्व्हर परिसरातल्या मतदारांनी १९८८ मध्ये विक्रीकराचा ०.१ टक्का, म्हणजे दहा डॉलरच्या खरेदीवर एक सेंट, संस्कृती आणि विज्ञानाच्या संस्थांसाठी मंजूर केला. सॅन फ्रान्सिस्कोने १९६१ मध्ये हॉटेलवरील करातला वाटा कलेला द्यायला सुरुवात केली. असा पैसा दरवर्षीच्या भांडणातून सुटतो, पण मंदीत खरेदी आणि पर्यटन घटले की नेमका तेव्हाच आटतो. महासाथीत हॉटेल कराचं तेच झालं. म्हणून राखीव कर असला तर चांगल्या वर्षातला काही भाग गंगाजळीत ठेवण्याची अट त्या ठरावातच हवी. पोर्टलंडने २०१२ मध्ये माणशी ३५ डॉलरचा कर मंजूर केला. तिथे वसुलीचा खर्च ठरवलेल्या ५ टक्क्यांत बसेना. नवा कर लावण्यापेक्षा चालू कराला तुकडा जोडणं स्वस्त पडतं.

अनुदानाबाबत दोनच गोष्टी. रक्कम कमी करायची तर वर्ष सुरू होण्याआधी सांगा, कारण तारखा आणि कलाकार आठ-दहा महिने आधी ठरतात. आणि मंजूर रक्कम वर्षाच्या शेवटच्या महिन्यात देऊ नका; संस्था तोवर व्याजाने पैसे काढून बसते. वर्षारंभी ५० टक्के, मध्यावर ४० आणि हिशेब तपासल्यावर १० असे हप्ते पुरेत. शिवाय रोख देता येत नसेल तेव्हा नाट्यगृहाच्या दुपारच्या रिकाम्या वेळा तालमींना द्याव्यात. कामाचे दिवे लावले आणि वातानुकूलन बंद ठेवलं तर त्याचा खर्च किरकोळ असतो.

अंदाजपत्रकाच्या पुस्तिकेत प्रत्येक वास्तूपुढे चार आकडे छापावेत, एवढी विनंती: वर्षात किती दिवस वापर झाला, देखभालीवर किती खर्च झाला, किती दुरुस्त्या पुढे ढकलल्या, आणि शिफारशीवरून किती तारखा फुकट दिल्या गेल्या. पहिले तीन बहुधा कचेरीत तयार सापडतात. चौथ्यासाठी माहितीचा अर्ज करावा लागतो.

आपला,
नाट्यगृह व्यवस्थापनाशी संबंधित एक वाचक