बार्सिलोनाला निघण्याआधी

चि. अनिकेतास अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवून दिलास, तेव्हा मला अजून बरंच सांगायचं होतं. "आई, सगळं फोनमध्ये आहे," असं तू दर दोन वाक्यांनी म्हणत होतास, आणि माझा जीव त्यानेच वरखाली होतो. तिकीट, पत्ता, कार्ड, बँकेचा ओटीपी, सगळं एकाच वस्तूत! बार्सिलोनात माणसाला सहसा कोणी हात लावत नाही, खिशाला लावतात. असो. फोनबद्दल आज काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

तुझं विमान दोहामार्गे आहे, म्हणजे शेंगेनची, युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत शिरतानाची, तपासणी बार्सिलोनातच होणार. आता बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात, रांग हळू सरकते. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग, तीस हजार युरोंचा विमा आणि परिषदेचं निमंत्रण हे कागदावर हातात ठेव, मोठ्या बॅगेत नको. रात्री अकराच्या सुमारास उतरून सामान मिळेपर्यंत बारा वाजतील. मेट्रो सोमवार ते गुरुवार आणि रविवारी रात्री बाराला बंद होते, शुक्रवारी दोनला, शनिवारी मात्र रात्रभर चालते. तू उतरतोस मंगळवारी. टी१, म्हणजे टर्मिनल एकवरून, एन१७ ही रात्रीची बस शहराच्या मध्यातल्या प्लासा कातालुन्या चौकाला जाते, पण पहिल्या रात्री बॅगा घेऊन तो पराक्रम नको. सरळ टॅक्सी कर. टॅक्सी काळी-पिवळीच असते, वर हिरवा दिवा म्हणजे रिकामी. अधिकृत रांगेतूनच घे, आत येऊन "टॅक्सी?" विचारणाऱ्याकडे बघूसुद्धा नकोस. पस्तीस-चाळीस युरो जातील, जाऊ देत. बाबांना आकडा सांगू नकोस.

पत्ता एशाम्पला या भागातला आहे. शेवटी जे ३ आणि २ लिहिलेत, ते तिसरा मजला, दुसरं दार. पण जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर "एन्त्रेसोल", मग "प्रिन्सिपाल" असे मजले येतात आणि पहिला त्यांच्या वर असतो. तुझा तिसरा म्हणजे प्रत्यक्षात पाचवा निघू शकतो. लिफ्ट असली तर एक माणूस आणि एक बॅग मावेल एवढीच. त्या भागात सगळे रस्ते काटकोनात, चौकांचे कोपरे छाटलेले, त्यामुळे प्रत्येक चौक सारखाच दिसतो. तिथली माणसं "समुद्राकडे" आणि "डोंगराकडे" अशी दिशा सांगतात. जमिनीचा उतार समुद्राकडे आहे, तेवढं लक्षात ठेवलंस तर दर चौकात नकाशा उघडावा लागणार नाही, म्हणजे फोनही बाहेर काढावा लागणार नाही.

बघ, आलाच फोनचा विषय.

तर आता सांगतेच. मेट्रोत दाराजवळ उभा राहून फोन बघू नकोस. दार बंद होण्याच्या क्षणी हिसकावतात आणि उतरतात, तू आत अडकतोस. सरकत्या जिन्यावर पुढचा एकदम वाकला तर मागे कोण आहे ते आधी बघ. हॉटेलबाहेरच्या टेबलावर फोन ठेवलास आणि कोणी त्यावर नकाशा किंवा सह्यांचा कागद पसरून काही विचारू लागलं, तर उत्तर नंतर दे, आधी कागदाखाली हात घाल. "शर्टावर डाग पडलाय, पुसून देतो" म्हणणारा भेटला तर थांबायचं नाही. रांबला या गर्दीच्या रस्त्यावर, सान्त्स स्टेशनात आणि पसेच दे ग्रासियाच्या मेट्रो बदलायच्या लांबलचक बोळात जास्त जप.

मी प्रवचन देते आहे, कळतंय मला. सव्वीस वर्षांचा झालास, तुझा निबंध निवडला म्हणून त्यांनी तुला बोलावलंय, आणि मी मात्र अजून तो मुलगा बघते आहे ज्याचं दहावीचं हॉल तिकीट फ्रीजवर राहिलं आणि नंदूमामा स्कूटरवरून शाळेत घेऊन गेला. मामाने नंतर त्याचा विषयसुद्धा काढला नाही. तू पेपर देऊन हसत बाहेर आलास. आम्हीच घामाघूम.

मेट्रो-बसच्या कार्डाचं राहिलं. "टी-कॅज्युअल" घे, बारा-तेरा युरोंना दहा प्रवास, एकट्यालाच चालतं. सव्वा तासात मेट्रोतून बस असं बदललंस तर एकच प्रवास मोजतात. पण मेट्रोतून बाहेर पडून पुन्हा मेट्रोत शिरलास तर दुसरा. विमानतळाच्या दोन मेट्रो स्टेशनांवर हे कार्ड चालत नाही, तिथे वेगळं महाग तिकीट लागतं. टी२ वरून सुटणाऱ्या रोडालियेस लोकलला आणि ४६ नंबरच्या बसला मात्र चालतं. परिषद फिरा ग्रान व्हियाला आहे ना? प्लासा एस्पान्याहून एफजीसी या दुसऱ्या लोकलने जाऊन "एउरोपा फिरा" स्टेशनला उतर, याच कार्डावर. लाल रंगाच्या सायकली दिसतील, त्या फक्त तिथल्या रहिवाशांसाठी असतात, उगाच अॅप उतरवत बसू नकोस. परतताना एरोबस ही विमानतळाची बस घेतलीस तर ए१ हीच बस, ए२ दुसऱ्या टर्मिनलला जाते.

सग्रादा फामिलिया हे चर्च आणि पार्क ग्वेल ही बाग, दोन्हींची वेळ ठरवलेली तिकिटं आधीच ऑनलाइन काढ. ग्वेलला वायकार्का स्टेशनवरून गेलास तर चढावर सरकते जिने आहेत. लेसेप्सवरून पाय दुखतील. या दोन्हींचा वास्तुकार गाउदी, त्याला १९२६ च्या जूनमध्ये ट्रामने धडक दिली, तेव्हा अंगावर जुने कपडे आणि खिशात ओळखीचा एक कागद नव्हता. लोकांना तो भिकारी वाटला. तीन दिवसांनी गेला. एवढं शहर ज्याच्या नावाने ओळखतात त्याची ही गत! म्हणून पासपोर्टची झेरॉक्स खिशात, मूळ प्रत खोलीतल्या तिजोरीत. काही गेलंच तर ११२, आणि मोसोस पोलिसांच्या चौकीत तक्रार नोंदवून त्याची प्रत घे, विम्याला तीच लागते. पासपोर्ट गेला तर मात्र लगेच भारतीय दूतावासाशी बोल.

दुपारचं जेवण एक ते चारमध्ये "मेनू देल दिया", म्हणजे दिवसाचं ठरलेलं जेवण, घे, ब्रेड, पेय, गोड त्यातच येतं. रात्री साडेआठच्या आधी जेवायला जाऊ नकोस, बहुतेक ठिकाणी चूल पेटलेली नसते. आजीचे पेढे मी बॅगेतून काढलेत. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायला युरोपीय संघात बंदी आहे. आजी रुसली आहे, तूच समजूत काढ. चिवडा राहू दिलाय.

बाबांनी फाइल तीनदा लावली. बोलत नाहीत, पण सोसायटीत सगळ्यांना सांगून झालंय.

तुझी,
आई

ता. क. बॅगेच्या पुढच्या कप्प्यात माझा जुना फोन ठेवला आहे. भारतातलं सिम त्यात घाल, रोमिंग निघण्याआधी सुरू कर आणि तो तिजोरीतच ठेव. ओटीपी तिथे येतील. खिशातल्या फोनमध्ये तिकडचं सिम असू दे.