किडनीची ओळ वाचलीस, आता हृदयाचा रकाना बघ

प्रिय ताई आणि भाऊजी,

सप्रेम नमस्कार.

विसाव्या आठवड्याचा बाळाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट मिळाला. 'डाव्या किडनीचा पेल्विस 5 मिमी' या ओळीने घरात सगळे धास्तावलेत, म्हणून आधी तेवढंच. पेल्विस म्हणजे किडनीत तयार झालेली लघवी खाली उतरण्याआधी जिथे जमते ती पिशवी. तिची पुढून मागे मोजलेली रुंदी 28 आठवड्यांच्या आत 4 मिमीपेक्षा कमी आणि त्यानंतर 7 मिमीपेक्षा कमी असावी. बाकी सगळं ठीक असेल तर 4 ते 7 मधली सूज बहुतेक बाळांत आपोआप ओसरते. आईला हे नक्की सांग.

पण 'बाकी सगळं ठीक' यात हृदयही आलं. रिपोर्टमध्ये 'चार कप्पे दिसले' एवढंच लिहिलंय. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांबद्दल अक्षर नाही, ते विचारा. किडनी आणि हृदय गर्भात साधारण एकाच काळात घडतात, त्यामुळे काही जनुकीय दोषांत दोन्हीकडे खोट निघते. टर्नर सिंड्रोम या मुलींमधल्या गुणसूत्राच्या दोषात दोन्ही किडन्या खाली जोडल्या जाऊन घोड्याच्या नालेसारख्या दिसू शकतात, आणि महाधमनी एका जागी अरुंद असू शकते. म्हणून किडनीत नुसत्या सौम्य सुजेपलीकडे काही दिसलं तर फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, करून घेतात. त्यासाठी 18 ते 24 आठवडे हा काळ चांगला.

नाळेचंही विचार. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते. पडद्यावर बाळाचं मूत्राशय काळ्या थेंबासारखं दिसतं. रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा कलर डॉपलर लावला की त्याच्या दोन्ही कडांनी दोन रंगीत रेघा उमटतात, त्या या धमन्या. एकच रेघ दिसली तर किडनी आणि हृदय दोन्ही पुन्हा नीट बघतात.

आता पाण्याचं, म्हणजे गर्भजलाचं. पोटात असताना बाळाचं रक्त शुद्ध करायचं काम वारेकडे असतं. मोठ्या माणसाच्या हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा किडन्यांना जातो, बाळाच्या किडन्यांना त्या मानाने फारच थोडा. तरी साधारण सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच. बाळ ते गिळतं आणि परत लघवी करतं. त्यामुळे किडन्या नीट बनल्या नाहीत किंवा लघवीची वाट अडली तर पाणी घटतं. वारेतून रक्त कमी पोचलं तरीही घटतं, कारण बाळ असलेलं रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवतं आणि किडन्यांचा वाटा कापला जातो. हृदय थकलं तरी तोच परिणाम होऊ शकतो. पाण्याचा सगळ्यात खोल कप्पा 2 सेंमीपेक्षा कमी किंवा एकूण इंडेक्स (चार भागांतल्या कप्प्यांच्या खोलीची बेरीज) 5 सेंमीपेक्षा कमी भरला तर 'पाणी पीत जा' एवढ्यावर समाधान मानू नका. कारण कोणतं ते विचारा. तुझा इंडेक्स 13 आहे, उत्तम आहे.

भाऊजी, हे तुमच्यासाठी. कंबर दुखली म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी ताईला देऊ नका. वीस आठवड्यांनंतर या गोळ्यांनी बाळाची लघवी कमी होऊन पाणी घटू शकतं. पुढे, विशेषतः तिसाव्या आठवड्यापासून, बाळाच्या हृदयाजवळची डक्टस नावाची वाहिनी अकाली आवळण्याचा धोका असतो. ती जन्मापर्यंत उघडी राहायला हवी. तिला उघडं ठेवणारं द्रव्यच या गोळ्या दाबतात. एकच गोळी दोन्हीकडे मार देते ती अशी. ब्लड प्रेशरच्या एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या गोळ्याही गरोदरपणात बाळाच्या किडन्यांना घातक. कुणी लिहून दिली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून बदलून घ्या. डॉक्टरांनी दिलेली कमी डोसची ॲस्पिरिन मात्र या भीतीने परस्पर बंद करू नका.

पुढची सोनोग्राफी 32 आठवड्यांनंतर. तोवर पेल्विस 7 मिमीच्या आत आला तर मिटलं. नाही आला तर जन्मानंतर बाळाची सोनोग्राफी लागेल, तीही 48 तास उलटल्यावर. पहिले दोन दिवस बाळाला लघवी कमी होते, त्यामुळे सूज असूनही किडनी नॉर्मल दिसू शकते. सुट्टी मिळायच्या घाईत पहिल्याच दिवशी उरकू नका.

इको करायचं ठरलं तर तारीख कळव.

तुझी धाकटी